आयुष्यभर देवाचं केलं, आणि आता आईंना त्याचीच भीती वाटतेय

अकोट्याची सून | गुरुवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी, मी इथे रोज वाचायला येते पण लिहिलं फारसं कधी नाही, काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमच्या आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८५. हृदय कमजोर झालंय, पायावर सूज, चार वाक्यं बोलल्या की धाप लागते. मागच्या महिन्यात दवाखान्यातून घरी आणलं तेव्हाच डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता सारखी धावपळ करू नका, त्यांना घरात आपल्या माणसांत राहू द्या. आम्ही रडलो, आई नाही रडल्या. त्यांनी काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू कुठल्या फळीवर आहे ते मला दाखवून ठेवलं, तुळशीची पानं कुठल्या कुंडीतली घ्यायची ते पण सांगून झालं. मरणाची भीती नाहीच त्यांना. भीती देवाची आहे.

कुठल्या बाईबद्दल बोलतेय ते सांगते म्हणजे कळेल. लग्न होऊन बडोद्यात मांडवीजवळच्या पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत आल्या तेव्हा १९ वर्षांच्या, तेव्हापासून देवघर त्यांच्याकडे. पहाटे पाचला आंघोळ, मग सोवळं, मग सहाणेवर गंध उगाळायचं. मी या घरात ३१ वर्षं त्या खरखर आवाजाने उठलेय, गजर कधी लावलाच नाही. गुरुवारी खंडेराव मार्केटमधून शेवंती आणायची, फुलवाल्याने कोमेजलेली घातली तर परत जाऊन बदलून आणायची. दर गुरुवारी दत्तबावनी हे दत्ताचं गुजराती स्तोत्र, वर्षातून दोनदा नर्मदेकाठचं गरुडेश्वर. आम्हाला त्याचा जाच पण खूप झालाय, खोटं कशाला सांगू, माझ्या अडचणीच्या चार दिवसांत मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसलेय कितीतरी वर्षं. पण त्यांनी जे केलं ते मनापासून केलं, दाखवायला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

आता चार महिने झाले त्यांना उठवत नाही. पूजा हेच करतात, ऑफिसला जायच्या आधी दहा मिनिटांत उरकतात. आई पडल्या पडल्या बघतात, काही बोलत नाहीत. आणि मग रात्री दोन-अडीचला जाग येते, मी बाजूच्या खाटेवर झोपते, माझा हात धरतात आणि म्हणतात, "माझ्याकडून राहिलं गं. तो विचारेल तेव्हा काय सांगू?" काय राहिलं असं विचारलं की तोंड भिंतीकडे.

भेटायला येणारे सगळे म्हणतात एवढं देवाचं केलंय, शेवटचा दिस गोडच होणार. मला ते ऐकून धस्स होतं. नाही झाला गोड तर? ज्या बाईने ६६ वर्षं त्याचे पाय धुतले ती अशी घाबरत घाबरत जाणार का? तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेवटी देवाजवळ शांत वाटलं होतं का, आणि कशाने वाटलं, ते सांगा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

दांडियाबाजार | शुक्रवार, सकाळी ६:३५

ताई, तुमच्या आईंसारखेच आमचे अण्णा. पक्षाघाताने उजवा हात गेला आणि पूजा सुटली, त्याचं दुःख हात गेल्याच्या दुःखापेक्षा मोठं. चिडायचे, जेवायचे नाहीत, म्हणायचे निर्माल्य झालंय माझं. मग आमच्या काकूने एक केलं, देव्हारा उचलून त्यांच्या खाटेसमोर टेबलावर आणला, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. मी पूजा करायचो आणि प्रत्येक गोष्ट करताना तोंडाने सांगायचो, अण्णा आता गंध लावतो, अण्णा आता जास्वंद वाहतो, देवीला वाहू का गणपतीला? ते डाव्या हाताने दाखवायचे. नंतर नंतर बोलणं पण गेलं. पण पूजेच्या वेळी त्यांचा अंगठा आणि बोट चादरीवर हलायचं बघा, चिमटीत फूल धरल्यासारखं, उचलायचे, ठेवायचे. मानसपूजा म्हणतात ती मी तेव्हा पाहिली. शेवटच्या दिवशी पण ते बोट हलत होतं.

यांना सांगा दहा मिनिटांची पंधरा करा, पण आईंना विचारत विचारत करा.

सिस्टरताई | शुक्रवार, सकाळी ९:१०

मी बरीच वर्षं वॉर्डात काढलीत, त्यामुळे आधी शरीराचं बोलते, राग मानू नका. श्वास अपुरा पडला की माणसाला भीती वाटतेच, ती भीती मग ज्याच्या मनात जे असेल त्याचं रूप घेते. कोणाला मुलीच्या लग्नाची, कोणाला कर्जाची, तुमच्या आईंना देवाची. आणि रात्री आडवं झोपलं की हृदय कमजोर असलेल्याला धाप जास्त लागते. म्हणून पाठीला दोन-तीन उशा देऊन अर्धवट बसतं झोपवा. छोटा टेबलफॅन थेट चेहऱ्यावर वारं येईल असा ठेवा, याने खरंच बरं वाटतं, साधी गोष्ट आहे पण लोक करत नाहीत. पाण्याच्या, म्हणजे लघवी जास्त होणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून सकाळची करून घ्या म्हणजे रात्री उठावं लागणार नाही. धाप फारच असेल तर अगदी कमी मात्रेत मॉर्फिन देतात, त्याला घाबरू नका, पॅलिएटिव्हवाल्या, म्हणजे शेवटच्या आजारात त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

याने भीती संपेल असं म्हणत नाही. पण मग जे उरेल ते खरं मनातलं असेल, आणि त्याच्याशी बोलता येईल.

हिंचका | शुक्रवार, सकाळी ९:४८

सिस्टरताईंना +१. फॅनचं अगदी खरं.

हरिनाम | शुक्रवार, दुपारी १:२०

अंतकाळी मनात जे येतं तशी गती मिळते असं गीतेतच आहे, त्यामुळे ही भीती मनात असताना प्राण जाणं बरं नाही. मोबाईलवर नामस्मरण चोवीस तास लावून ठेवा, कानावर सतत पडलं पाहिजे, कोण जाणे वेळ कधी येईल. आम्ही आईच्या वेळी तेच केलं.

अकोट्याची सून | शुक्रवार, दुपारी ३:०५

हरिनाम, तुम्ही चांगल्या मनानेच लिहिलंय पण हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे ६६ वर्षं एका बाजूला आणि शेवटचा एक क्षण एका बाजूला? त्या क्षणी खोकल्याची उबळ आली तर सगळं गेलं?

सिस्टरताई, फॅन लावला, उशा लावल्या. आज दुपारी शांत झोपल्या. मनापासून आभार.

कीर्तनाचा नाद | शुक्रवार, रात्री ९:३०

हरिनाम म्हणतात तो श्लोक आठव्या अध्यायातला सहावा. ज्या भावाचं स्मरण करत देह सोडतो त्या भावाला जातो, इथपर्यंत सगळे सांगतात. पण श्लोक तिथे संपत नाही. शेवटचे शब्द आहेत "सदा तद्भावभावितः", म्हणजे जो सदा, नेहमी, त्या भावात मुरलेला आहे तो. लोणच्याची फोड बरणीतून शेवटी कशी काढली यावर चव ठरत नाही, ती किती मुरली यावर ठरते. सातवा श्लोक तर "म्हणून सर्व काळी माझं स्मरण कर" असंच सांगतो. ही शेवटच्या मिनिटाची परीक्षा नाहीच हो.

दुसरं. धाप लागते, सूज आली, हे देवाने केलंय, काहीतरी चुकलं म्हणून केलंय, असं म्हाताऱ्या माणसांच्या मनात येतं, ते बोलत नाहीत. त्यांना दत्तभक्त संन्यासी टेंबे स्वामींची आठवण द्या, गरुडेश्वरला जाणाऱ्या बाईंना वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं संग्रहणीने हैराण होते स्वामी, त्या पोटाने सगळा भारत पायी फिरले, १९१४ साली गरुडेश्वरला नर्मदेकाठी देह ठेवला तोवर दुखणं काही सुटलं नाही. त्यांच्यावर दत्त रागावला होता असं म्हणेल का कोणी? शांत हो म्हणून दत्तालाच विनवणारी ती त्रिपदी याच माणसाने लिहिली, जी आजही आपल्याकडे गुरुवारी म्हणतात. देव रागावलाय की काय असं वाटणं हे भक्ताला नवीन नाही, तसं वाटलं तर त्याच्याशीच बोलायचं असतं.

मोबाईल चोवीस तास नको. दुखणाईताच्या कानाला पण विश्रांती लागते. तुम्ही स्वतः दहा मिनिटं हळू म्हणा, पुरे.

फतेगंजकर | शुक्रवार, रात्री ११:१५

मी ख्रिस्ती आहे, घरात मराठीच बोलतो, चार पिढ्या बडोद्यात. तुम्ही घडलेलं सांगा म्हणालात म्हणून लिहितो.

माझे आजोबा आमच्या चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे जबाबदारीचे जाणते होते, रोज पहाटे पवित्र शास्त्र उघडून बसणारे. शेवटच्या आजारात पाळकसाहेब घरी प्रभुभोजन, म्हणजे आमचा भाकरीचा प्रसाद द्यायला आले तर आजोबांनी तोंड फिरवलं. आम्हाला वाटलं गिळता येत नाही म्हणून. पाळकसाहेब समजले. सगळ्यांना बाहेर जायला सांगून त्यांच्याशी एकट्याने बोलले. तर आजोबांचं त्यांच्या धाकट्या भावाशी घराच्या हिश्श्यावरून बोलणं बंद होतं, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. ते वाक्य आजोबांनी शंभरदा दुसऱ्यांना वाचून दाखवलेलं. संध्याकाळी धाकटे आजोबा आले, दोघं पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, नुसते हात धरून बसले. मग आजोबांनी भाकरीचा कण घेतला.

तुमच्या आई "माझ्याकडून राहिलं" म्हणतात ना, ते पूजेबद्दल आहे असं तुम्ही धरून चाललाय. मला वाचताना वाटलं कदाचित दुसरंच काहीतरी असेल. माणसामाणसातलं. चुकत असलो तर माफ करा.

अकोट्याची सून | शनिवार, रात्री १:१०

फतेगंजकर, तुमचं वाचल्यापासून माझे हात थरथरतायत. मी एक गोष्ट लिहिली नव्हती. नवऱ्याला पण धड सांगितलेली नाही.

२०२४ चा पूर. इथल्यांना सांगायला नको. २६ ऑगस्टला सोमवारी गोकुळाष्टमी होती, आईंनी रात्री बारा वाजता बाळकृष्णाला पाळण्यात घातला, सुंठवडा वाटला, बाहेर धो धो पाऊस. हा बाळकृष्ण त्यांच्या माहेरचा, लग्नात अन्नपूर्णेबरोबर दिलेला, करंगळीएवढा, रांगता, हातात लोण्याचा गोळा. दुसऱ्या दिवशी काला करायचा तर विश्वामित्री नदी चढत आलेली, आजवा धरणाचं पाणी वेगळं. २५ फुटाला धोका म्हणतात, ती ३५ च्या वर गेली त्या वेळी. आमचं घर तळमजल्यावर, वरचे लोक परगावी, कुलूप. हे सुरतेत अडकलेले. लाईट नाही, फोन बंद पडत आलेला. पाणी घरात शिरलं तेव्हा आईंनी देव ओट्यावर चढवले, पाळणा पण. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबा-भवानीचे टाक, शाळिग्राम, नर्मदेतला शंकराचा बाण, सगळे ओट्यावर ओळीने, आणि दत्ताची तसबीर टेकवून. पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा रबरी बोट आली. बाहेर कोणीतरी ओरडत होतं की शेजारच्या गल्लीत मगर दिसली. बोटवाला म्हणाला, "बा, जल्दी करो, अंधारुं थई जशे." एकच पिशवी. मी औषधं, फाईल, बीपीचं मशीन आणि त्यांची शाल घेतली.

दारात आईंनी विचारलं, "देव घेतलेस ना गं?"

मी म्हटलं, "हो आई, घेतले."

मला वाटलं नाही म्हटलं तर त्या मागे फिरतील, आणि त्या अंधारात त्या पाण्यात... मी खोटं बोलले. वन्संकडे चौथ्या मजल्यावर तीन दिवस राहिलो. आईंनी दिवा लावायला देव मागितले तर म्हटलं पिशवीत तळाशी नीट बांधून ठेवलेत, घरी गेल्यावरच सोडू. चौथ्या दिवशी मी एकटी पुढे आले. ओट्याच्या वर दोन वीत पाण्याची रेघ. पाळणा मोडून मोरीपाशी. टाक चिखलात, शाळिग्राम सापडला, बाण सापडला, बाळकृष्ण दोन तास सापडेना. धान्याचं पिंप आडवं झालं होतं त्याच्या खाली होता, पालथा. जुन्या ब्रशने घासला, डोळ्यातला गाळ उदबत्तीच्या काडीने काढला, रडत रडत. तसबिरीचा एक रंग दुसऱ्यात गेलेला, ती नंतर यांनी चांदोदला नर्मदेत सोडली, आईंना सांगितलं काच फुटली.

लोक देव पाण्यात घालून बसतात ते नवसासाठी. मी त्यांचे देव गटाराच्या पाण्यात सोडून आले आणि घेतले म्हणून सांगितलं. तेव्हापासून त्या त्याच देवांची पूजा करतात, मी बघते. आता त्या जाणार, आणि मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगू का? या अवस्थेत? की हे ओझं माझं मीच घेऊन राहू?

जुना वाडा | शनिवार, सकाळी ८:४०

स्पष्ट लिहितो. जीव वाचवणं बरोबर होतं, पण घरी आल्यावर तरी खरं सांगायला हवं होतं. मूर्ती अशा पाण्यात राहिल्या तर शुद्धी करावी लागते, पंचामृत, अभिषेक, आणि ते ज्याची पूजा त्याला माहीत असायला हवं. एवढ्या कडक सोवळ्यातल्या बाईंना तुम्ही नकळत तशीच पूजा करायला लावली. मला हे रुचलं नाही.

हिंचका | शनिवार, सकाळी ९:०२

जुना वाडा, ८४ वर्षांच्या बाईला पुरातून एकटीने बाहेर काढलं तिने. घरात पाणी, बाहेर मगर. ब्रशने एकेक देव घासलाय. याहून वेगळी शुद्धी काय असते? मी त्या आठवड्यात दोन दिवस गच्चीवर काढलेत, तेव्हा काय वाटतं ते मला माहीत आहे.

सांगलीकर हल्ली बडोद्यात | शनिवार, सकाळी ११:२५

मी कृष्णाकाठचा. आमच्याकडे २०१९ ला घरात पाणी होतं, त्यामुळे तुमची ओट्यावरची रेघ मला डोळ्यांपुढे दिसली.

तुमच्या आई दत्ताच्या, म्हणून सांगतो. नरसोबाची वाडी बघितली असेल. तिथे पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढतं आणि देवळात शिरतं, दत्ताच्या मनोहर पादुकांवरून पाणी वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. तेव्हा कोणी देव बुडाला म्हणून रडत नाही. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, सोहळा! लांबून लोक त्या पाण्यात स्नान करायला येतात, पादुकांवरून आलेलं पाणी म्हणून. गाळ असतो त्यात, पुराचंच पाणी असतं ते. आणखी चढलं तर उत्सवमूर्ती वर मठात नेतात, पादुका खाली पाण्यातच राहतात. पाणी उतरलं की पुजारी गाळ काढतात, धुतात, पूजा पुढे चालू.

आणि तुमच्या शाळिग्रामाला आणि नर्मदेच्या बाणाला तर प्राणप्रतिष्ठा पण लागत नाही म्हणतात, ते नदीतूनच आलेले, चार दिवस परत पाण्यात राहिले.

अजून एक मनात आलं ते लिहितो. आमच्या गावात पूर आला की बायका, पोरं, म्हातारी आधी नावेत घालतात. घरातला कर्ता शेवटपर्यंत मागे राहतो, घर राखायला. तुमच्या घरातला कर्ता कोण होता ताई?

फतेगंजकर | शनिवार, दुपारी १२:१०

ताई, सांगा त्यांना. त्या तुमच्यावर रागावतील तर रागावू द्या. पण बंद दाराच्या दोन बाजूला दोघी बसू नका.

सिस्टरताई | शनिवार, दुपारी १२:४५

सकाळी सांगा, आंघोळ, औषध झाल्यावर, श्वास बरा असतो तेव्हा. रात्री नको. आणि थोडक्यात सांगा, त्यांना बोलायला वेळ द्या.

अकोट्याची सून | रविवार, दुपारी ४:३०

सांगितलं.

आज सकाळी अंग पुसून, वेणी घालून झाली. हे बाहेर गेले होते. मी त्यांचे पाय चोळत होते आणि तसंच खाली बघत बोलले, आई पुराच्या दिवशी मी देव घेतले नव्हते, खोटं बोलले तुमच्याशी. वर बघायची हिंमत झाली नाही.

बराच वेळ काहीच नाही. फॅनचा आवाज फक्त. मग म्हणाल्या, "ठाऊक आहे मला."

मी बघतच राहिले. म्हणाल्या, "पिशवी तू मांडीवर घेतलीस बोटीत. देवांची पिशवी अशी वाजते का? गोळ्यांची पाकिटं वाजत होती." दीड वर्ष झालं. तेव्हापासून माहीत होतं त्यांना. आणि काच फुटली नव्हती हे पण, कारण काचेचा एक तुकडा कुठे झाडताना दिसला नाही.

मी म्हटलं मग तुम्ही बोलला का नाहीत, मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. तर त्यांचे डोळे भरले. त्यांना धाप लागत होती, थांबत थांबत बोलल्या, मी जसं आठवतंय तसं लिहिते. "तुला काय बोलू? तू माझ्यासाठी खोटं बोललीस. मी कोणासाठी गप्प बसले? मला बोटीत कळलं तेव्हा घर दिसत होतं अजून. मी म्हणू शकले असते, वळवा. नाही म्हटलं मी. मला भीती वाटत होती पाण्याची. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, आणि जिवाची एवढी हाव. रोज त्याला म्हणायची, तूच माझा जीव. आणि वेळ आली तेव्हा त्याला सोडून जीव घेऊन पळाले. हे राहिलं माझं."

मंडळी, हे होतं. आपण सगळे पूजा, सोवळं, शुद्धी बोलत होतो. त्यांच्या मनात हे होतं आणि दीड वर्ष त्या एकट्या हे घेऊन पहाटे उठून त्याच्यापुढे बसत होत्या.

मी काय उत्तर देणार? मी नुसती त्यांच्या कुशीत शिरले, ३१ वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी डोक्यावर हात ठेवला पण त्या शांत झाल्या नाहीत. आता झोपल्यात. कीर्तनवाले, तुम्ही काही सांगू शकाल का? त्यांना वाचून दाखवेन.

कीर्तनाचा नाद | रविवार, संध्याकाळी ६:५०

ताई, मी हात जोडून लिहितोय, आईंना माझा नमस्कार सांगा.

त्यांना गजेंद्राची गोष्ट विचारा, त्यांना माझ्यापेक्षा चांगली येत असेल. भागवताच्या आठव्या स्कंधातली. पाण्यात मगरीने पाय धरला. बडोद्याच्या माणसाला मगर समजावून सांगायला नको. तो हत्ती काय करत होता? जीव वाचवायला ओढाओढ करत होता, आपल्या बळावर, किती काळ. त्याला देव आधी आठवला नाही. बळ संपलं तेव्हा सोंडेत एक कमळ धरून हाक मारली. आणि देव असं म्हणाला का, की आधी जिवाची हाव धरलीस, आता कशाला बोलावतोस? गरुडावरून उडी टाकली त्याने, धावत आला.

जिवाला जीव प्यारा असतो ही गोष्ट देवाला आपण सांगायला नको, ती त्यानेच आत घातलीय. मुंगी पण पाण्यातून बाहेर पडायला धडपडते. आईंनी त्या दिवशी देवाचंच एक काम केलं, त्याने दिलेला जीव सांभाळला. आणि त्यानंतरचं दीड वर्ष? बोटीत बसून राहिलेली बाई परत येऊन रोज पहाटे त्याच्यापुढे बसली, मनात एवढं टोचत असताना. ज्याला आपण सोडलंय त्याच्यापुढे कोणी असं रोज बसत नाही. पाठ फिरवतो माणूस.

याहून जास्त मला येत नाही.

दांडियाबाजार | रविवार, रात्री ८:१५

वाचतोय. डोळे भरून आले. काय लिहू.

जुना वाडा | रविवार, रात्री १०:०५

ताई, माझं कालचं लिहिणं कठोर झालं, मला क्षमा करा. माझी आई गेली तेव्हा मी गावाला होतो, पोचलो नाही. ते कुठेतरी निघतं असं. आईंना माझा पण नमस्कार.

अकोट्याची सून | बुधवार, रात्री ९:४०

उशिरा लिहितेय, दोन दिवस सूज वाढली होती, आज जरा बरं आहे. तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून सांगते.

सोमवारी सकाळी मी सगळं वाचून दाखवलं. सांगलीकरांचं वाडीचं, कीर्तनवाल्यांचं गजेंद्राचं, फतेगंजकरांच्या आजोबांचं पण. आजोबांचं ऐकून म्हणाल्या, "चांगला होता हो पाळक, त्याला कळलं." गजेंद्राच्या वेळी डोळे मिटून ऐकत होत्या. वाडीच्या सोहळ्याचं परत वाचायला सांगितलं. मग कर्ता मागे राहतो ते वाक्य आलं तेव्हा मी थांबले कारण माझाच आवाज गेला.

आई काही बोलल्या नाहीत. मी दूध गरम करायला गेले आणि परत आले तर देव्हाऱ्याकडे बघत होत्या (दांडियाबाजार, तुम्ही म्हणालात तसा खाटेसमोर आणलाय). हळूच म्हणाल्या, "अगं, पाणी त्याला काय नवीन? अष्टमीच्या रात्री जन्मला आणि त्याच रात्री टोपलीत घालून यमुनेतून नेला. पूरच होता." मग म्हणाल्या, "आपल्याकडे पण अष्टमीच होती." आणि मग बराच वेळ मान हलवत राहिल्या, आपल्याशीच. मी त्यांना असं हसताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मंगळवारी म्हणाल्या त्याला इथे दे. मला कळेना कोणाला. बाळकृष्णाला. मी म्हटलं आई, सोवळं? मी आंघोळ करून येते, थांबा. म्हणाल्या, "तू काढलास ना त्याला चिखलातून? तेव्हा काय नेसली होतीस?" मी म्हटलं गाऊन. "मग आण तसाच."

त्यांच्या हातात दिला. ते बोटांवरचे डाग, सुईच्या खुणा, त्या तळहातावर तो एवढासा. अंगठ्याने त्याची पाठ चोळत होत्या, पिंपाखाली जिथे घासला गेलाय तिथे पितळ जरा उजळ झालंय, तिथेच. काहीतरी पुटपुटत होत्या, मला ऐकू आलं नाही आणि मी ऐकायचा प्रयत्न पण केला नाही, ते त्या दोघांचं होतं. मग उशीशेजारी ठेवला. रात्री अडीचला मला सवयीने जाग आली. त्या जाग्या नव्हत्या. एक हात त्याच्यावर, तोंड माझ्याकडे, भिंतीकडे नाही.

डॉक्टर म्हणतात दिवस थोडेच आहेत. सूज उतरत नाहीये. रडू येतं पण आधीसारखं पोटात गोळा येत नाही.

आज दुपारी मला जवळ बोलावून किल्ल्यांच्या जुडग्यातली देव्हाऱ्याच्या खणाची किल्ली काढून दिली. त्या खणात वस्त्रं, जानवी, कापूर, सगळं असतं, ३१ वर्षांत मी तो उघडलेला नाही. म्हणाल्या, उद्यापासून पूजा तू कर, त्याला उरकायची घाई असते. मी म्हटलं आई मला मंत्र येत नाहीत सगळे. म्हणाल्या, येतात तेवढे म्हण. मी म्हटलं कधी उशीर होईल, कधी आंघोळ आधी होणार नाही. म्हणाल्या, चालेल. थोडा वेळ धाप लागली, मी पाणी पाजलं, वाटलं झोपल्या. तर डोळे मिटूनच म्हणाल्या, "फक्त थंडीचे दिवस आहेत, गार पाणी नको घालूस त्याच्या अंगावर. कोमट घे."